पहिला पडसाद थरथरतो, दुसरा स्वच्छ येतो: घरगुती टेप-इकोमधील मोटरवेगाचे एक प्रकरण

एप्रिलच्या अखेरीस माझ्या भाच्याने नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी एक लाकडी पेटी आणून माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली. तो बासरी वाजवतो, आणि बासरीच्या लांब सुरांमागे पडसाद उमटत राहावेत म्हणून त्याने दोन जुन्या कॅसेट डेकचे भाग जोडून स्वतःच एक टेप-इको बांधला होता. एका डेकची मोटर, बेल्ट, फ्लायव्हील (वेग सारखा ठेवणारे जड चाक), कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक फिरता दांडा) आणि रबरी रोलर त्याने जसेच्या तसे ठेवले होते, दुसऱ्या डेकचे हेड काढून ते एका पितळी पट्टीवर बसवले होते, आणि कॅसेटमधून बाहेर काढलेल्या टेपचा ६१९ मिलिमीटर लांबीचा वेढा चार प्लास्टिकच्या चाकांवरून फिरवला होता. टेप आधी जुनी नोंद पुसणाऱ्या इरेझ हेडवरून, मग रेकॉर्ड हेडवरून, मग प्लेबॅक हेडवरून जाते आणि शेवटी कॅपस्टन तिला ओढतो, अशी ती मांडणी होती. रेकॉर्ड आणि प्लेबॅक या दोन हेडांमध्ये त्याने ३५ मिलिमीटर अंतर ठेवले होते.

काम नीट बांधलेले होते, पण तक्रारी तीन होत्या. पहिली त्याच्याच शब्दांत सांगतो: "मामा, वेगाचं बटन फिरवलं तं काहीच होत नाही, अन् झालं तं एकदम बंदच पडते." दुसरी तक्रार अशी की पडसादांत एक बारीक शिट्टी सतत मिसळते. तिसरी अशी की बासरीचा स्थिर षड्ज पडसादात थरथरतो. त्याला या तिन्ही गोष्टी मोटरच्याच वाटत होत्या आणि बदलून टाकण्यासाठी दुसरी मोटर त्याने सोबतच आणली होती. ती मोटर शेवटपर्यंत वापरावी लागली नाही, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याजोगे वाटते.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली तेव्हापासून तिचा प्रमाणित वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे. आवाज रेकॉर्ड हेडवर टेपवर उतरतो आणि तीच जागा प्लेबॅक हेडखाली पोहोचते तेव्हा पडसाद ऐकू येतो, त्यामुळे दोन हेडांमधील अंतराला टेपच्या वेगाने भागले की पडसादाचा उशीर मिळतो. या पेटीत तो ३५ भागिले ४७.६, म्हणजे सुमारे ०.७३५ सेकंद होता. उशीर कमीजास्त करण्याचे मार्ग दोनच आहेत. एकोप्लेक्ससारख्या यंत्रात हेडच पुढेमागे सरकवले जात असे, तर १९७४ साली आलेल्या रोलँडच्या आरई-२०१ मध्ये मोटरचा वेग बदलण्याची सोय होती. भाच्याने दुसरा मार्ग निवडला होता. तो योग्यच होता, कारण घरी बांधलेल्या पेटीत सरकते हेड टेपला नेहमी सारख्याच कोनात टेकवून ठेवणे फार कठीण जाते.

वेगासाठी त्याने मोटरच्या पुरवठ्याच्या वाटेत एलएम ३१७ हा आयसी बसवून व्होल्टेज कमीजास्त करण्याची सोय केली होती. मी मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा १२ व्होल्टपासून ८ व्होल्टपर्यंत खाली येताना वेगात काहीही फरक पडत नव्हता, ७ च्या आसपास तो एकाएकी ढासळू लागे आणि ५ व्होल्टला टेपच्या ओढीपुढे मोटर थांबून जाई. हा मोटरचा दोष नव्हता. मोटर तिचे काम चोख बजावत होती. कॅसेट डेकच्या मोटरच्या डबीतच गव्हर्नरची, म्हणजे वेग स्थिर ठेवणाऱ्या मंडळाची, छोटी वर्तुळाकार पट्टी बसवलेली असते. फिरणारी मोटर स्वतः जनित्रासारखे वागून वेगाच्या प्रमाणात उलटे व्होल्टेज निर्माण करते, आणि ही पट्टी मोटरवरच्या एकूण व्होल्टेजमधून वेटोळ्याच्या रोधामुळे खर्च होणारा भाग वजा करून उरलेले उलटे व्होल्टेज एका ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवते. पुरवठा १२ चा असो की ८ चा, टेप सैल असो की घट्ट, वेग २४०० फेरे प्रति मिनिटच राहावा, यासाठीच तिची रचना असते. भाचा बाहेरून वेग उतरवू पाहत होता आणि गव्हर्नर आतून तो पुन्हा चढवत होता. ज्याच्या हाती वेग आहे त्यालाच नवा आकडा सांगितल्याशिवाय वेग बदलणार नाही, ही एक गोष्ट मनात पक्की झाली की पुढचे पुष्कळ काम सोपे होते.

शिट्टीचे कारण त्याच्या आणखी एका प्रयत्नात होते. एलएम ३१७ ने भागत नाही असे पाहून त्याने ५५५ आयसीने पुरवठा झपाट्याने चालूबंद करणारे मंडळ जोडले होते. सुरुवातीला ते सेकंदाला ५०० वेळा चालूबंद होई, आणि तो ५०० हर्ट्झचा सूर सरळ पडसादात ऐकू येई. कॅसेटच्या प्लेबॅक हेडमधून येणारा संकेत अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे दोन बोटांवर मोटरच्या तारेतून असा तुटक प्रवाह वाहत असेल तर तो हेडमध्ये उमटणारच. मग त्याने ही वारंवारता कानाच्या पलीकडे, २६ किलोहर्ट्झवर नेली, तरी शिट्टी गेली नाही, फक्त तिचा सूर बदलला. याचे स्पष्टीकरण रेकॉर्डिंगच्या बायसमध्ये, म्हणजे टेपवर नोंद नीट उमटावी म्हणून आवाजात मिसळल्या जाणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या संकेतात, सापडले. या डेकचा बायस ८० किलोहर्ट्झचा होता आणि २६ ची तिप्पट ७८ होते. या दोहोंच्या फरकाचा, म्हणजे २ किलोहर्ट्झचा सूर टेपवर नोंदला जात होता. शिवाय गव्हर्नर असलेल्या मोटरला असा तुटक पुरवठा देणे मुळातच चूक आहे, कारण त्या पट्टीला मोजमापासाठी सलग व्होल्टेज लागते. ते मंडळ मी काढून टाकले आणि एलिमिनेटरमधून सरळ १२ व्होल्ट दिले. शिट्टी त्याच क्षणी थांबली.

वेग बदलायची खरी जागा गव्हर्नरच्या प्रीसेटवर आहे. मोटरच्या पाठीवरच्या लहान भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून दुरुस्तीवाले जो स्क्रू फिरवतात, तोच हा प्रीसेट. सीताबर्डीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्याच्या दिवसांत मी तो हजारो वेळा फिरवला असेन, पण तो बाहेर काढून पेटीच्या दर्शनी बाजूस लावण्याचा प्रसंग हा पहिलाच. दुप्पट वेगाने कॅसेट उतरवण्याची सोय असलेल्या डेकच्या मोटरीला चार तारा असतात आणि त्यांपैकी दोन वेगासाठीच असतात. तशी मोटर असती तर काम पाच मिनिटांचे होते. इथे मात्र दोनच तारा होत्या. मोटरचे बाहेरचे लोखंडी कवच उतरवले, आतल्या डबीच्या दुमडलेल्या कडा हळूहळू उचलल्या, प्रीसेट काढून त्या जागी शील्ड असलेली तार सोल्डर केली, तिचे दुसरे टोक पॉटला, म्हणजे बाहेरून फिरवता येणाऱ्या बदलत्या रोधाला, जोडले आणि कवच पुन्हा पूर्वीसारखे चढवले. हे कवच परत बसवण्याचा कंटाळा कोणीही करू नये. मोटरच्या ब्रशांची ठिणगी आणि चुंबकाचे विखुरलेले क्षेत्र अडवून धरणारी वस्तू तीच आहे.

पॉट लावताना दोन गोष्टींची काळजी घेतली. पॉटच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रोध घालून वेगाचा पल्ला आवळला, कारण फार खाली नेल्यास तीन ध्रुवांच्या त्या मोटरचे धक्के टेपपर्यंत पोहोचू लागतात. दुसरे म्हणजे पॉटच्या सरकत्या पात्याचा संपर्क तुटला तर मोटर भरधाव सुटू नये म्हणून पाते आणि एक टोक यांमध्ये आणखी एक रोध जोडला. या मोटरीत संपर्क तुटणे म्हणजे वेग वाढणे असे होते. दुसऱ्या मोटरीत उलटेही असू शकते, म्हणून आधी मोटर टेपशिवाय फिरवून खात्री करून घ्यावी. एवढे झाल्यावर वेग सेकंदाला ३.८ पासून ५.७ सेंटिमीटरपर्यंत गुळगुळीत बदलू लागला आणि पहिली तक्रार मिटली. घरातला कूलर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात, तेव्हाही वेग ढळला नाही. पुरवठ्यातल्या चढउतारांपासून वाचवणारा गव्हर्नर आम्ही शाबूत ठेवला, त्याचे हे फळ होते.

थरथर मात्र तशीच राहिली, आणि तिचा शोध हा या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

टेपरेकॉर्डरचा वेग तपासताना ३१५० हर्ट्झचा सूर वाजवून तो किती हलतो ते पाहण्याची जुनी पद्धत आहे. मी तोच सूर पेटीत सोडला आणि पडसादाची वारंवारता मोजली. ती सरासरीने अगदी ३१५० आली. पॉट फिरवून वेग स्थिर होऊ दिला तरी ३१५०, पुन्हा फिरवला तरी ३१५०. क्षणभर मला पॉटच निकामी झाल्यासारखे वाटले. मग ध्यानात आले की चाचणीच चुकीची आहे. इकोमध्ये ज्या टेपवर सूर भरला जातो तीच टेप अर्ध्यापाऊण सेकंदाने वाजते. दोन्ही वेळी वेग एकच असेल तर तो कितीही कमी किंवा जास्त असो, सूर जसाच्या तसा परत येतो. कानाला ऐकू येते ते वाजवण्याच्या क्षणीचा वेग आणि नोंदण्याच्या क्षणीचा वेग यांचे गुणोत्तर. प्रत्यक्ष वेग मोजायचा असेल तर स्टॉपवॉच पुरते: टेपच्या जोडावर पांढरा ठिपका दिला आणि वेढ्याच्या दहा फेऱ्यांचा वेळ घेतला. १३० सेकंद आले की वेग सेकंदाला बरोबर ४७.६ मिलिमीटर. वेळ घेताना हाताची चूक पाव सेकंदाची धरली तरी ती अर्ध्या टक्क्याहून बरीच कमी पडते.

गुणोत्तराची ही गोष्ट मी भाच्याला समजावून सांगत असताना तो मध्येच म्हणाला, "पण मामा, पहिला पडसाद थरथरते, दुसरा एकदम साफ येते, अन् तिसरा पुन्हा थरथरते." मी आधी विश्वास ठेवला नाही. टेपच्या पिढ्या वाढत जातात तसे दोष वाढत जातात, असाच माझा आयुष्यभराचा अनुभव होता. त्याने एक आखूड सूर फुंकला, आम्ही दोघांनी डोळे मिटून ऐकले, आणि तो म्हणत होता तसेच होते. विषम पडसाद हलत होते, सम पडसाद स्थिर होते.

हा धागा हाती आल्यावर उलगडा कागदावर झाला. दुसरा पडसाद म्हणजे पहिला पडसाद पुन्हा नोंदून पुन्हा वाजवलेला. पहिल्या खेपेचे गुणोत्तर आणि दुसऱ्या खेपेचे गुणोत्तर यांचा गुणाकार केला की मधला वेग अंशातही येतो आणि छेदातही, म्हणून तो कटतो. कितवाही पडसाद घ्या, त्याच्या सुरावर परिणाम करणारे वेग दोनच उरतात: आत्ताचा वेग आणि मूळ सूर नोंदला गेला तेव्हाचा वेग. आता कॅपस्टनचा दांडा किंचित वाकडा किंवा मध्यापासून सरकलेला असेल, तर त्याच्या प्रत्येक फेऱ्यात टेपचा वेग एकदा वाढेल आणि एकदा घटेल. रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत टेप सरकताना कॅपस्टनचे साडेपाच फेरे होत असतील, तर नोंदताना वेग जास्त असलेला क्षण वाजताना वेग कमी असलेल्या क्षणाशी गाठ घेईल आणि थरथर दुप्पट होईल. दोन उशिरांनंतर मात्र अकरा पूर्ण फेरे झालेले असतात, कॅपस्टन मूळ जागी आलेला असतो आणि थरथर नाहीशी होते. आम्ही जे ऐकले ते नेमके हेच.

मोजून पाहिले. कॅपस्टनचा व्यास २ मिलिमीटर होता. सी-६० कॅसेटची टेप सुमारे १८ मायक्रोमीटर जाड असते आणि तिची निम्मी जाडी त्रिज्येत धरावी लागते, म्हणून एका फेऱ्यात टेप सुमारे ६.३४ मिलिमीटर पुढे जाते. ३५ ला ६.३४ ने भागले की ५.५२ येते. ओळखीच्या लेथवाल्याकडून मागून आणलेला डायल गेज कॅपस्टनला टेकवून फ्लायव्हील बोटाने सावकाश फिरवले, तेव्हा काटा एका फेऱ्यात एक घर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, पुढे जाऊन मागे आला. म्हणजे मध्य ०.००५ मिलिमीटरने सरकलेला, आणि १ मिलिमीटर त्रिज्येवर तेवढ्याने वेग अर्धा टक्का वर-खाली होतो. दुप्पट झाल्यावर तो एक टक्का, म्हणजे सुमारे १७ सेंट होतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आपल्या संगीतशास्त्रातली प्रमाण श्रुती सुमारे २१.५ सेंटची आहे. जवळजवळ तेवढा सूर सेकंदाला साडेसात वेळा इकडून तिकडे होत असेल तर बासरी वाजवणाऱ्याला तो खुपणारच. कॅपस्टनचा दोष स्वतःहून क्षम्य होता. चुकीच्या अंतरावर बसलेल्या हेडाने तो दुप्पट करून दाखवला.

उपाय त्यामुळे मोटरला हात न लावता झाला. रेकॉर्ड हेडची पितळी पट्टी सैल करून ते ३.३ मिलिमीटरने प्लेबॅक हेडकडे सरकवले आणि अंतर ३१.७ मिलिमीटर केले, म्हणजे कॅपस्टनचे बरोबर पाच फेरे. पहिल्याच प्रयत्नात सूर पुष्कळ शांत झाला. मग पट्टी केसभर पुढेमागे करत कानाने नेमकी जागा गाठली. हे अंतर फेऱ्यांच्या हिशेबाने ठरलेले असल्यामुळे पॉट कुठेही असला तरी लागू पडते, आणि मला या उपायात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. हेड सरकवून उशीर बदलणाऱ्या यंत्रात ही सोय मिळू शकत नाही. बेल्टची आणि रबरी रोलरची थोडी थरथर उरली, कारण त्यांचे घेर या हिशेबात बसत नाहीत. रोलर गुळगुळीत होऊन चमकू लागला होता, तो बदलल्यावर त्यातलीही बरीचशी गेली.

मे महिना लागल्यावर एक नवी गोष्ट दिसली. सकाळी २८ अंशांत ज्या वेढ्याच्या दहा फेऱ्यांना १३० सेकंद लागत, त्यालाच भर दुपारी पेटीच्या आतला पारा ४८ वर गेल्यावर १२७ सेकंद लागू लागले. मोटरमधल्या फेराइट चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने घटते, आणि चुंबक मंदावला की तेच उलटे व्होल्टेज निर्माण करण्यासाठी मोटरला जास्त वेगाने फिरावे लागते. वीस अंशांना चार टक्के वाढ अपेक्षित होती. तांब्याच्या तारेचा रोध त्याच वेळी वाढत असल्याने गव्हर्नरची भरपाई थोडी अपुरी पडते आणि वेग काही प्रमाणात खालीही ओढला जातो. संथपणे होणारा हा बदल सुरात अजिबात ऐकू येत नाही, पण लयीत येतो. चौथा पडसाद सुमारे ६० मिलिसेकंद लवकर येऊ लागला आणि तबल्याच्या मात्रेवरून सुटू लागला. ट्रान्सफॉर्मर पेटीबाहेर काढला, मागच्या फळीला भोके पाडली, आणि वादनाआधी वीस मिनिटे पेटी चालू ठेवून मगच पॉट लावावा असे ठरवले. त्याच उन्हात टेपच्या जोडावरची साधी चिकटपट्टी वितळून तिचा डिंक हेडवर लागला, म्हणून खास टेपजोडणीची पट्टी वापरली.

फ्लायव्हीलवर खाचांची चकती बसवून, प्रकाशाच्या संवेदकाने फेरे मोजून, सीडी ४०४६ आयसीने वेग एखाद्या स्थिर कंपनाशी बांधून टाकावा, असाही विचार झाला. उष्णतेने होणारा बदल त्याने खात्रीने गेला असता. पण कॅपस्टनच्या वाकडेपणावर तो उपाय नव्हता, आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ठेक्याबरोबर वाजवायचे नसेल तर त्याची गरज नाही, असे माझे मत पडले. भाचा मैफलीत जिवंत तबल्याबरोबर वाजवतो, आणि तिथे हाताने पॉट जुळवणे पुरते.

शेवटी पॉटभोवती खुणा करायच्या होत्या. वेगाचे आकडे लिहिण्याऐवजी मात्रांचे लिहिले. ३१.७ मिलिमीटर अंतराला ४७.६ च्या वेगाने ०.६६६ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, ३८.० च्या वेगाला ७२ आणि ५७.१ ला १०८. खुणा करताना लक्षात आले की या तीन आकड्यांची गुणोत्तरे संगीतातलीच आहेत. ७२ वरून ९० म्हणजे पाच भागिले चार, शुद्ध गंधार. ९० वरून १०८ म्हणजे सहा भागिले पाच, कोमल गंधार. आणि ७२ वरून थेट १०८ म्हणजे पंचम. ७२ वर षड्ज भरून पॉट ९० वर नेला की टेपवरचा जुना षड्ज गंधार होऊन पुढच्या सगळ्या पडसादांत गंधारच राहतो, आणि नव्याने फुंकलेला षड्ज मात्र षड्जच परत येतो. वर जाताना गव्हर्नर मोटरला जोर देतो, म्हणून सूर चटकन चढतो. खाली येताना त्याच्याकडे ब्रेक नसतो, फ्लायव्हील घर्षणाने जेवढे मंदावेल तेवढाच वेग उतरतो, आणि त्याला सुमारे दीड सेकंद लागतो. हा उशीर काढून टाकावा का, असे मी विचारले. भाच्याने दोनतीनदा पॉट ९० वरून ७२ वर आणून पाहिला, मंद्रातल्या कोमल धैवताकडे उतरत जाणारी ती लांब मींड ऐकली, आणि ती तशीच राहू द्यायला सांगितले.